पिचवर आवं-जावं न्हाई

मला आयुष्यातलं पहिलं पिवळं कार्ड मिळालं ते 'आवं' म्हटल्याबद्दल.

क्रिकेटमध्ये असली कार्डं नसतात, हे मलाही कळत होतं. पण आमच्या बाईंच्या मैदानावर होती. बाई मुळातल्या हॉकीच्या. हॉकीत पंच हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवतात, ते बाईंना फार आवडायचं, म्हणून त्यांनी ते क्रिकेटला लावलं. विचारणार कोण? मैदान त्यांचं, शिट्टी त्यांची. कार्डं घरीच केलेली, जुन्या लग्नपत्रिका कापून. पिवळ्या कार्डाच्या मागं 'नक्की यायचं हं' एवढीच ओळ शिल्लक होती. ते कार्ड नाकासमोर आलं की मैदानाला पाच फेऱ्या. हसू आलं तर सात.

बाई क्रिकेट इंडियाकडून खेळल्या आणि हॉकी राज्याकडून. दोन्ही! हे मी कुणाला सांगते तेव्हा आजही माझी मान आपोआप ताठ होते. त्यांचे परदेशी संघांविरुद्धचे सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. टीव्हीवर एकही आला नाही. फोटो म्हणाल तर एकच, त्यातही त्या मागच्या रांगेत, पुढच्या उंच मुलीच्या खांद्याआड अर्ध्या झाकलेल्या. पण लोणंदजवळच्या खेड्यातली पोर त्या काळी तिथवर पोचली होती. वडील फौजेत. एकदा सुट्टीवर येताना त्यांनी मुलांसाठी दोन हॉकी स्टिक आणल्या. भावांनी त्या स्टिकनी चिंचा पाडल्या. बाईंनी एक लपवून ठेवली आणि पुढं ती सोडलीच नाही.

सोडली नाही म्हणजे खरोखरच सोडली नाही. सांगलीला विश्रामबागेतल्या एका शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. स्कूटरला स्टिक बांधलेली असायचीच. वर्गाची वरची कडी त्या स्टिकनं काढायच्या, कुत्री हाकलायच्या, झाडावर अडकलेला चेंडू पाडायच्या. मंडईत गेल्या की स्टिकचं टोक लावून "ह्यो फ्लॉवर दाखव, त्यो न्हाई, मागचा" म्हणायच्या. भाजीवालीही सरावली होती. एकदा स्टिक दुरुस्तीला दिली होती तेव्हा तिनं काळजीनं विचारलं, "बाई, तब्येत बरी न्हाई व्हय?"

क्रिकेट त्यांना चुकून लागलं. हॉकीच्या शिबिराला पुण्यात गेल्या असताना शेजारच्या मैदानावर क्रिकेटच्या मुलींना एक जण कमी पडत होती. बाई हॉकीच्याच बुटांत जाऊन उभ्या राहिल्या आणि दिवसभरात एक चेंडू बाजूनं जाऊ दिला नाही. संध्याकाळी कुणीतरी हातात बॅट दिली. त्यांनी ती स्टिकसारखी धरली, दोन हातांत वीतभर अंतर ठेवून. पुढं मोठमोठ्या प्रशिक्षकांनी सांगून बघितलं की हात जवळ आणा. बाईंचं उत्तर ठरलेलं, "जवळ आणलं की भांडत्यात." त्याच पकडीनं त्या इंडियापर्यंत गेल्या. मारायच्या ते सगळं जमिनीलगत. आमच्यापैकी कुणी उंच फटका मारला, तो अगदी सीमेपार गेला तरी, त्या तोंड वाकडं करायच्या. "आंबं पाडाय आलीस काय गं?" वाकणं हा तर त्यांचा धर्मच. "चेंडूला कमरंत वाकून नमस्कार करायचा. सासूला उभ्यानं केला तरी चालतोय." हे वाक्य त्यांनी माझ्या सासूबाईंसमोरही म्हटलेलं आहे. मी तिथंच होते, कुठं बघावं ते कळेना.

सातारला एका कार्यक्रमात त्यांचा सत्कार होता. मागं मोठा फलक लावलेला, 'माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू'. बाई स्टेजवर चढल्या, फलक वाचला आणि पाहुण्यांच्या खिशातलं पेन मागून घेतलं. मग सगळ्यांदेखत 'माजी'वर काट मारली. माइकवर म्हणाल्या, "आमदार माजी हुतो. खेळाडू माजी हुत न्हाई, त्याचं गुडघं माजी हुत्यात." टाळ्या काय पडल्या म्हणता! आयोजकांचे चेहरे मात्र बघण्यासारखे झाले होते.

आता मी तिथं कशी पोचले ते सांगते. माझं माहेरही लोणंदकडचंच. शाळेत मी हॉकी खेळायचे, राइट आउटला, म्हणजे पुढच्या फळीत उजव्या कडेला. मग लग्न झालं आणि पलूसजवळ ऊसवाल्यांच्या घरात आले. हॉकी माहेरीच राहिली. माझ्या नवऱ्याची मोठी बहीण मनीषा, म्हणजे माझ्या वन्सं, लग्न न करता घरीच होत्या. पलूसच्या शाळेत शिकवायच्या आणि शनिवार-रविवार एसटीनं सांगलीला जाऊन बाईंच्या संघात खेळायच्या. अकरा वर्षं! संघाच्या कॅप्टनही त्याच. एकदा त्यांना ताप आला म्हणून बाई बघायला घरी आल्या. मी अंगणात मका सोलत होते. तेवढ्यात बकरी वाळवणात शिरली. मी बसल्या जागेवरून दाणे काढलेल्या कणसाचं बुरकुंडं भिरकावलं, ते बरोबर तिच्या शिंगाला लागलं. बाई ओट्यावरून उठल्याच.

"ही कोण गं मने?"

"माझी भावजय."

"लगीन हून बी खांदा शाबूत हाय हिचा," बाई म्हणाल्या. तापलेल्या वन्सं राहिल्या बाजूला, बाई माझाच खांदा दाबून बघायला लागल्या, बाजारात बैल बघतात तसा. हॉकी खेळलेय म्हटल्यावर तर विचारूच नका. "राइट आउट? मग हितं मका काय सोलतीस?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लगेच म्हणाल्या, "सुनंला न्हाई पाठवायची मी." वन्सं अंथरुणातून म्हणाल्या, "आई, ती माझ्यासंगं येईल, माझ्यासंगं जाईल. काय झालं तर मला इचार." एवढ्यावर मला परवानगी मिळाली. त्यांच्या शब्दावर मी घराबाहेर पडले. हे माझ्याकडून कधी विसरलं गेलं नाही, आणि पुढं तेच मला नडलं.

कारण आमच्याकडं नवऱ्याच्या मोठ्या बहिणीला नावानं हाक मारत नाहीत. 'आवं वन्सं' म्हणायचं, 'बसा', 'या', 'थांबा' म्हणायचं. आणि बाईंच्या मैदानावर पिचवर तीनच शब्द चालायचे. व्हय, नको, थांब. "चवथा शब्द न्हाई. पिचवर आवं-जावं न्हाई. पिचवर कोण थोरलं न्हाई न कोण धाकलं न्हाई." पहिल्याच रविवारी मी वन्संबरोबर बॅटिंगला गेले, चेंडू मारला आणि ओरडले, "आवं वन्सं, थांबा, येऊ नगा!" एवढं वाक्य पुरं होईपर्यंत वन्सं अर्ध्यात पोचल्या होत्या आणि पिवळं कार्ड माझ्या नाकासमोर.

पाच फेऱ्या मारून आले. परत तेच. जीभच वळत नव्हती हो! बाईंनी मग स्वतः पॅड बांधले. "माझ्यासंगं खेळ. मला म्हण, ए, थांब." बाई पन्नाशीच्या, इंडिया खेळलेल्या, माझ्या आईच्या वयाच्या. मी म्हटलं, "थांब... बा." मैदान हसून लोळलं. सगळ्यांना सात-सात फेऱ्या.

त्या दिवशी सगळ्या गेल्यावर बाईंनी मला आणि वन्संना थांबवून घेतलं. चेंडूंच्या डब्यात त्या एका बाजूला चेंडू आणि एका बाजूला भडंग ठेवायच्या. ते भडंग पुढं करून त्यांनी स्वतःच्या शेवटच्या सामन्याची गोष्ट सांगितली. वन्संनीही ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकली.

बाई तेव्हा एक्केचाळीसवर खेळत होत्या, चांगल्या जमल्या होत्या. समोरच्या टोकाला कॅप्टन, नुकतीच आलेली. ती उत्तरेकडची, वयानं मोठी, नावानं मोठी. बाईंनी चेंडू पॉइंटकडं तटवला. धाव नव्हती. कॅप्टनला थांबवायचं होतं, आणि घाईत तोंडातून घरचं निघालं, "आवं, नको!"

"आपलं 'आवं' तिला काय ठावं? तिला ऐकू आलं, आव. म्हंजे ये. आली की ती पळत!" बाई म्हणाल्या. "दोघी बी माझ्याच टोकाला. मी क्रीजमधनं हलले नव्हते. तिकडं चेंडू फेकला की ती औट, मी न्हाई. मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. आन मी क्रीज सोडलं."

"तिच्यासाठी?" मी विचारलं. मला तर ऐकूनच भरून आलं होतं. केवढा मोठेपणा, असंच वाटत होतं.

"डोंबल," बाई म्हणाल्या. "मी जमले हुते, ती नव्हती. टीमला मी पायजे हुते. पन थोरल्या माणसाला भाईर कसं काढायचं? म्हणून मी गेले. दुसऱ्याच ओव्हरला ती बी गेली. इंडिया हारली, आठ धावांनी. नव्या पोरीनं खुळ्यागत कॉल दिला, आसं सगळी म्हणली. कॅप्टन काय बोलली न्हाई. ऐकत बसली. मला परत कवा बोलावणं न्हाई आलं." त्यांनी मूठभर भडंग तोंडात टाकलं, सावकाश चावलं. "आवं म्हणले, ही एक चूक. क्रीज सोडलं, ही दुसरी. दुसरी लय मोठी. एसटीत थोरल्यांना उठून जागा द्या. क्रीजमधली न्हाई द्यायची."

घरी जाताना एसटीत वन्सं म्हणाल्या, "आजपासनं मैदानावर मने म्हण मला. घरात म्हणलीस तर बघ." मी महिनाभर गोठ्यात म्हशीपुढं सराव केला. 'ए मने, थांब!' म्हैस थांबायची.

पुढच्या हंगामात सातारला सामना होता. दुसऱ्या जिल्ह्याशी, आणि राज्याच्या निवड समितीचे दोघं जण बघायला येणार होते. वन्संचं वय तेव्हा एकोणतीस. तिशीनंतर कोण घेतंय? बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "मने, ही शेवटची गाडी हाय तुझी." वन्संनी अकरा वर्षं याच दिवसासाठी काढली होती. आलेली स्थळं नाकारली, शाळेत बढती नको म्हटलं, शनिवार-रविवार एकही लग्न-बारसं केलं नाही. सगळ्या घराला ठाऊक होतं. आत्याबाईंनी निघताना त्यांच्या हातावर दही ठेवलं आणि मला बजावलं, "तिला सांभाळ."

सामना आमच्या हातातला होता. बारा धावा हव्या होत्या, तीन षटकं होती, मी छत्तीसवर होते आणि वन्सं नऊवर. वन्संची बॅट त्या दिवशी लागत नव्हती. मंडपात ते दोघं कागद घेऊन बसलेले, वन्संची नजर सारखी तिकडं जात होती. मला दिसत होतं की ह्या धाव काढायला उतावीळ झाल्यात. मी चेंडू कव्हरकडं ढकलला. तिथली मुलगी चपळ होती. मी मोठ्यानं, स्वच्छ ओरडले, "मने, नको!"

सगळ्या मैदानाला ऐकू गेलं असेल. पण वन्सं निघाल्याच होत्या, आणि थांबल्या नाहीत. धावत सरळ माझ्यापर्यंत आल्या. एकाच क्रीजमध्ये आम्ही दोघी. तिकडं चेंडू त्या मुलीच्या हातातून निसटला, तिनं पुन्हा उचलला, म्हणजे अजून दोन क्षण होते. ते दोन क्षण मला आजही जसेच्या तसे आठवतात. मी निघाले असते तर वन्सं वाचल्या असत्या. त्यांना अजून आठ-दहा चेंडू मिळाले असते, निवड समितीनं बघितलं असतं. ज्यांच्या शब्दावर मी घराबाहेर पडले होते त्या माझ्याकडं बघत होत्या. माझा उजवा पाय उचलला गेला, खरंच उचलला गेला. सीमेवर बाई स्टिकवर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. आणि मी तो पाय परत खाली ठेवला. बॅट क्रीजमध्ये रोवली आणि उभी राहिले.

तिकडच्या टोकाला बेल्स उडाल्या. वन्सं बॅट काखेत धरून निघून गेल्या.

राहिलेल्या धावा मी काढल्या. शेवटचा चौकार मारला तो जमिनीलगत, स्क्वेअर लेगला. आम्ही जिंकलो, मुली नाचल्या, मला उचललं. आणि माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना. मंडपातल्या दोघांनी बाईंना बोलावून घेतलं. त्या परत आल्या आणि मला म्हणाल्या, "तुझं नाव घेतलंय." वन्संचं घेतलं का, हे मी विचारलं नाही. बाईंच्या तोंडावरच दिसत होतं.

सातारहून जीपनं परत निघालो. वन्सं पुढं बसल्या होत्या, मी मागं. बाईंना सांगलीला जायचं होतं, पण आमच्या दारात जीप थांबली तशा त्याही उतरल्या. ड्रायव्हरला म्हणाल्या, "जरा दम काढ."

दिवेलागणीची वेळ. बातमी फोनवर आमच्या आधीच घरी पोचली होती. आत्याबाई उंबऱ्यातच उभ्या. मला आत जाऊ देईनात.

"माझ्या पोरीला भाईर काढून सोता उभी राह्यलीस व्हय गं? आन वर मने म्हणून वरडलीस? चारचौघांत? अकरा वर्सं केलं तिनं! तुला सांभाळाय सांगितली हुती मी!"

त्या म्हणत होत्या त्यातलं खोटं काय होतं? मी पायरीवरच उभी राहिले, किटची पिशवी खांद्याला तशीच. नवरा आतून आला आणि आईचा चेहरा बघून परत आत गेला. बाई पुढं झाल्या.

"तिला बोलू नका. मी शिकवलं तशी ती उभी राह्यली. काय बोलायचं ते मला बोला."

"तुमाला तर बोलणारच हाय!" आत्याबाई म्हणाल्या. "तुमी इंडिया खेळलाय, तुमाला काय. माझी पोर मातर..."

"आई," वन्संनी मधेच तोडलं. जीपमध्ये बसल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. आवाज बसलेला होता. "हिनं नको म्हणलं हुतं. मला ऐकू आलं हुतं. मी तरी पळाले. चूक माझी हुती."

आत्याबाई वळून लेकीकडं बघायला लागल्या. मीही वर बघितलं. वन्संचे डोळे लाल होते, पण मान सरळ होती. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वतःच्या निवडीचाही वाटला नव्हता, आणि आजही वाटत नाही.

बाई मात्र त्यांच्याकडं बघतच राहिल्या. ओट्याची कड चाचपून खाली बसल्या. नेहमी दरडावणारा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मने, परत म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणलीस ते."

"चूक माझी हुती," वन्सं म्हणाल्या.

बाईंनी मान हलवली. किती तरी वेळ हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पंचवीस वर्सं झाली बघ. एवढं एक वाक्य कॅप्टनच्या तोंडनं ऐकायचं राह्यलं हुतं माझं."

वन्सं त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. आणि कुणी न सांगता त्यांनी ते तिसऱ्यांदा म्हटलं, या वेळी आख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.